चिंधी कुठे बांधलीय ते पाहा

(ऊसतोडीच्या हंगामाआधी धर्मापुरी, जि. बीड इथे झालेल्या कार्यकर्त्या-शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय पत्रिकेवर फार भारदस्त शब्दांत छापलाय. 'वापरणाऱ्या व्यक्तींचे निरीक्षण, मुलाखती आणि त्यावर आधारित वस्तुरचना.' सकाळी चहाच्या वेळी इथल्याच एका आजींनी मला विचारलं, "म्हंजी करायचं काय?" मी म्हटलं, बाईसाठी एखादी वस्तू करायची तर आधी त्या बाईपाशी जाऊन बसायचं, तिचं काम बघायचं, तिला विचारायचं आणि मग वस्तू करायची. आजी म्हणाल्या, "यवढ्यासाठी शिबिर घेतलं व्हय?"

हो, एवढ्यासाठीच. आजींना जे उघड दिसतं ते आपल्याला, चार बुकं शिकलेल्यांना, दिसायला फार वर्षं लागतात. मला किती लागली ते पुढे सांगणारच आहे.

आधी आज हे बोलायची गरज का पडली ते सांगते. एका शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलामुलींनी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी घडीच्या न्हाणीचं चित्र काढून पाठवलंय. चार नळ्या, वर कडं, भोवती जाड प्लॅस्टिकचं कापड. घडी केली की पिशवीत मावते. पोरांनी मन लावून काम केलंय, त्यांची चेष्टा करायची नाही. पैसे देणारेही तयार आहेत. दिवाळी झाली की टोळ्या निघतील. त्याआधी अशा दोनशे न्हाण्या करून वाटायच्या का, हे आज रात्री आपल्याला ठरवायचंय. चित्राच्या कोपऱ्यात एक हसरी बाई काढलीय, डोक्यावर पदर, हातात बादली. मी फोनवर विचारलं, ही कोण? म्हणाले, ही ऊसतोड कामगार. मी विचारलं, फड पाहिलाय का कुणी? कुणीच पाहिला नव्हता.

मला हसू आलं नाही, कारण हेच मीही केलेलं आहे.

1990 च्या आसपासची गोष्ट. मी नवी कार्यकर्ती होते. बिनधुराच्या चुलींची तेव्हा देशभर मोहीम होती. कल्पना तशी जुनीच, वर्ध्याच्या मगनवाडीत मगनचूल 1940 च्या दशकातच तयार झाली होती. सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम 1983 मध्ये सुरू झाला आणि 2002 मध्ये बंद झाला. तेवढ्या काळात देशात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. हेतू चांगलाच होता. चुलीच्या धुरानं बायकांचे डोळे जातात, छाती भरते, पाठीवरचं लेकरूही तोच धूर ओढतं, हे खोटं कोण म्हणेल? आम्हीही इकडच्या काही गावांत चुली बसवल्या. सहा महिन्यांनी प्रश्नावली घेऊन मी घरोघर फिरले. धूर कमी झाला का? हो. सरपण कमी लागतं का? हो. चूल आवडली का? "हो ताई, लई चांगली हाय." मी अहवाल लिहिला. छान झाला होता अहवाल.

मग एकदा शेवटची एसटी चुकली आणि मला त्यातल्याच एका घरी मुक्काम करावा लागला. संध्याकाळी बाई मागच्या दारी गेली आणि तिथे तीन दगडांवर तिनं जाळ केला. आमची चूल घरात कोरी बसलेली, तिच्या मागच्या वैलावर लसणाची टोपली. मी म्हटलं, "मावशी, ही चूल?" ती ओशाळली. म्हणाली, "तिच्यावर चहा करते की." मग मी गप्प बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक बाई भाकरी कशी करते ते शेवटपर्यंत पाहिलं. मी स्वतः रोज भाकरी खाणारी, पण गॅसवरची.

ज्वारीची भाकरी तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची. तिथवर कुठलीही चूल चालते. पण नंतर ती तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी, आरावर उभी करावी लागते, तेव्हा ती टम्म फुगते. त्यासाठी चुलीचं तोंड रुंद लागतं आणि आर पुढे ओढता यावा लागतो. आमच्या चुलीचं तोंड वीतभर, कारण तोंड लहान ठेवलं की हवा कमी जाते आणि सरपण वाचतं. हिशेब बरोबर होता. त्यात भाकरी नव्हती एवढंच. आणि सरपण म्हणजे काय धरलं होतं? फोडलेली लाकडं. आपल्याकडे लाकूड आहे कुठे? बाई जाळते तुराट्या आणि पऱ्हाट्या. लांबच्या लांब तुराटी चुलीत घालायची आणि जळेल तशी पुढे सारत राहायचं, म्हणजे एक हात भाकरीला मोकळा राहतो. आमच्या चुलीसाठी तिला तीच तुराटी मोडून वीत-वीत तुकडे करत बसावं लागायचं. वर धुराच्या नळीत काजळी साठली की धूर उलटा घरात यायचा, आणि नळी साफ करायला छपरावर चढायचं कुणी? नवऱ्यानं चढायचं. तो चढत नव्हता.

शेजारच्या घरी गेले तर तिथल्या बाईनं पहारीनं चुलीचं तोंडच फोडून मोठं केलं होतं आणि कडेला मातीनं नीट लिंपून घेतलं होतं. आमच्या यादीत त्या घरापुढे 'चूल नादुरुस्त' असा शेरा होता, आणि तो मीच लिहिला होता. तीस घरांच्या त्या यादीत चूल कशी असायला हवी हे कळलेली ती एकटी बाई, आणि तिच्या नावापुढे मी नादुरुस्त लिहून ठेवलं.

मग त्या बायकांनी मला 'लई चांगली हाय' असं का सांगितलं? त्या खोटारड्या होत्या म्हणून नाही. मी पाहुणी, शहरातून आलेली, चूल फुकट दिलेली. दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत ही त्यांची रीत. शिवाय ओट्यावर सासरा बसलेला, दारात चार माणसं. आणि माझे प्रश्नच असे की त्यांना 'हो' शिवाय उत्तर नाही. आणखी एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा लक्षात आली, तीही सांगून टाकते. भरलेले सगळे अर्ज गावठाणातले होते. दलित वस्तीत आम्ही चुली दिल्या होत्या, पण विचारायला मी गेले नव्हते. का गेले नव्हते? वेळ झाली होती, असं तेव्हा म्हटलं. तुम्ही आता विचारायला जाल तेव्हा पहिल्या दिवशीच पाहा, आपण चहा कुणाच्या घरी पितोय.

बाईनं वस्तूत केलेली मोडतोड म्हणजे तिनं न बोलता दिलेली साक्ष असते, हे मला त्या पहारीनं शिकवलं. पुढे वाचनात आलं की हे दुसरीकडेही कुणाला तरी दिसलेलं आहे. अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ नावाची बाई होती. कारखान्यात माणसं हात-पाय कसे हलवतात, कुठे थकतात याचा अभ्यास करणारी, मानसशास्त्रात पदवी घेतलेली, बारा लेकरांची आई. नवरा-बायको दोघं मिळून हा व्यवसाय करत. 1924 मध्ये नवरा वारला, तेव्हा बऱ्याच कारखानदारांनी काम काढून घेतलं, एकट्या बाईचा सल्ला नको म्हणून. मग ती बायकांच्या वस्तूंकडे वळली. 1926 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनं तिला सॅनिटरी पॅडचा अभ्यास करायला सांगितलं. बाजारात पॅड येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. गिलब्रेथबाईंनी एक हजाराहून जास्त बायकांकडून उत्तरं मिळवली आणि 1927 च्या सुरुवातीला अहवाल दिला. त्यात काय निघालं? पॅड फार लांब, फार रुंद, कडक. बायका कात्रीनं ती कापून आपल्या अंगाला बसतील अशी करून घेत होत्या! म्हणजे पैसे देऊन वस्तू घ्यायची आणि घरी जाऊन तिचं तोंड फोडायचं. आमच्या मावशींनी पहारीनं केलं तेच. शिवाय दुकानात मागायची लाज वाटते, पुडकं कुणाला ओळखू येऊ नये, असंही बायकांनी सांगितलं. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, तीही अमेरिकेतली. आपल्या किराणा दुकानात अजून वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतच देतात.

आपल्याकडे 2018 च्या महिला दिनाला राज्य सरकारनं अस्मिता योजना आणली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. मी त्या योजनेच्या विरोधात नाही, शाळेतल्या पोरीला त्याचा उपयोगच. पण तेच पॅड घेऊन आपण उसाच्या फडात गेलो तर काय होतं, ते पाहायला हवं.

दोन हंगामांपूर्वी मी एका टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात गेले होते. कारखान्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही, सगळीकडे सारखंच आहे. तीन दिवस कोपीत राहिले. तीन दिवस म्हणजे काहीच नाही, पण तीस वर्षांच्या प्रश्नावल्यांतून जे कळलं नव्हतं ते कळलं. इथे बसलेल्या निम्म्या जणींनी स्वतः ऊस तोडलाय, त्यांना माझं हे सांगणं पोरकट वाटेल. त्यांनी सांभाळून घ्यावं. बाकीच्यांसाठी सांगते.

पहाटे तीनला बाई उठते. आदल्या रात्रीचं भांडं घासते, भाकरी करते, लेकराला पाजते, आणि साडेचार-पाचला फडात. पुरुष तोडतो, बाई तोडते, सोलते, वाढ्यानं मोळी बांधते आणि गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला चढते. दोघांना मिळून 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते आणि ती नवऱ्याच्या हातात पडते.

मी पहिल्या दिवशी नुसती बघत होते, आणि बघता बघता मला एक शोध लागला असं वाटलं. तीन बायकांच्या कोयत्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळलेल्या. मला पहार आठवली. मी मनाशी म्हटलं, मूठ पुरुषाच्या पंजासाठी केलेली असते, बाईच्या हाताला ती बसत नाही. हे म्हणायला आधारही होता. अवजारं करताना शेतातल्या बाईच्या हाताचं माप धरायलाच हवं, हे आता शास्त्रज्ञ मान्य करतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं देशभरातल्या शेतकरी-शेतमजूर स्त्री-पुरुषांची मापं 2009 मध्ये पुस्तकरूपानं छापली आहेत. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातही बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर पुष्कळ काम झालंय. मी तर मनातल्या मनात बारीक मुठीचा कोयता करूनही टाकला.

दुपारी भाकर खाताना विचारलं. पहिली म्हणाली, "घाम आला की निसटतो, म्हणून बांधलं." म्हणजे तिला मूठ बारीक नको होती, उलट खरखरीत हवी होती. दुसरीच्या तळव्याला फोड होता, तेवढ्यापुरती चिंधी. आणि तिसरी हसायला लागली. "अवं ताई, ती वळख हाय. न्हाईतर माझा कोयता कुणीबी उचलतंय."

तेव्हा नुसतं विचारून फसतो तसं नुसतं बघूनही फसतो. चिंधी दिसली की थांबायचं, हे खरं. पण थांबून तिलाच विचारायचं, ही कशासाठी बांधलीस? आपण मनात उत्तर तयार करून ठेवायचं नाही.

आता न्हाणी आणि संडास. प्रश्नावलीत लिहा, 'संडास हवा का?' शंभरपैकी शंभर बायका हो म्हणतील. मी गेले तिथे तळावर दोन संडास होतेही. पत्र्याचे, पाण्याची टाकी लांब, एकात कुणाचा तरी कडबा. पण ते चांगले असते तरी काय? बाई तळावर असते रात्री नऊ ते पहाटे पाच. बारा-पंधरा तास ती फडात. आणि फड रोज पुढे सरकतो.

फडातली गंमत बघा, गंमत कसली, हाल. सकाळी समोर ऊस उभा असतो, आडोशाला जाता येतं. दुपारपर्यंत तो आडोसा तिनंच तोडलेला असतो. चारही बाजूंनी मोकळं रान, टोळीतली माणसं, ट्रकचा ड्रायव्हर, बांधावर मालक. मग बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. मी मोजलं, माझ्या शेजारच्या बाईनं सकाळी पाच ते दुपारी दोनपर्यंत दोन घोट पाणी प्यायलं. मी तिला म्हटलं, बाई, पाणी पी. ती म्हणाली, "पेल्यावर जायाचं कुठं?" लघवीला जळजळ होते का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ती तर असतीच की." तिच्या लेखी तो आजार नव्हताच, म्हणून ती तो कुणाला सांगत नव्हती, आणि कुठल्याही अर्जावर तो आलेला नव्हता.

पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. पॅडबद्दल ती म्हणाली, "वापरलं असतं, पण बदलायचं कुठं आन् टाकायचं कुठं? पाचटात टाकलं तर कुत्री वढतात. सरीत टाकलं तर मालक बोंबलतो." म्हणून सकाळी घातलेलं कापड रात्री कोपीत आल्यावर निघतं. ते धुवायला पाणी नाही, वाळवायला ऊन नाही, कारण उन्हाच्या वेळी ती फडात असते. मग ते कोपीत साडीखाली दमट वाळतं.

आता तुम्हाला तो आकडा आठवत असेल. 2019 मध्ये आपल्या बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. हा आकडा निघाला हे फार बरं झालं. आकड्याशिवाय सरकार हलत नाही, आणि ज्या आशाताईंनी, नर्सबाईंनी दारोदार जाऊन तो गोळा केला त्यांचं ते काम लहान नाही. पण आकडा 'किती' एवढं सांगतो. 'का' हे विचारलं की काय उत्तर येतं? "पिशवी खराब झाली होती." हे शब्द बाईचे नाहीत, डॉक्टरचे आहेत. "कॅन्सर होईल म्हणले." हेही तिचे नाहीत. तिचे शब्द काय आहेत, ते दुसऱ्या प्रश्नानं निघतात. मी एकीला विचारलं, त्या वर्षी हंगामात तुझं काय काय झालं ते पहिल्यापासून सांग. मग तिनं सांगितलं. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, कापड ओलं राहून जांघा सोललेल्या. दोन खाडे पडले, मुकादमानं उचलीतून पैसे कापले, नवरा बोलला. पुढच्या हंगामाची उचल घ्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाला, काढून टाक, कटकट मिटेल. "मग काढली." तिच्या त्या सांगण्यात पाणी आहे, आडोसा आहे, कापड आहे, खाडा आहे, उचल आहे. 'शस्त्रक्रियेचे कारण' या चौकटीत यातलं काय मावणार?

म्हणून तुम्ही जेव्हा जाल तेव्हा 'तुम्हाला काय हवं' असं विचारू नका. बाईला काय हवं ते आजवर कुणी विचारलेलं नसतं, तिला ते पटकन सुचत नाही, आणि सुचलं तरी आपण काय देऊ शकतो त्याचा अंदाज घेऊन ती बोलते. 'काल काय झालं' विचारा. काल पहिल्यांदा लघवीला कधी गेलीस, कुठे, बरोबर कोण होतं. ते कापड कुठे वाळत घातलंय, दाखवशील का. आणि विचारून झालं की गप्प बसा. हे आपल्याला सगळ्यात अवघड जातं, आपण भाषणं करणाऱ्या बायका. तिनं उत्तर दिलं की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो. थोडं थांबलं की ती आपणहून आणखी एक वाक्य बोलते, आणि कामाचं असतं ते तेच.

मुकादम जवळ असताना काही विचारू नका. नवरा असताना विचारलं तर नवऱ्याचंच उत्तर मिळेल. वही बाहेर काढली की बाई सावरून बसते, म्हणून पहिल्या दिवशी वही पिशवीतच राहू द्या. हात चालवा, वाढे गोळा करा, लेकरू सांभाळा. तिचा तासभर घेणं म्हणजे तिच्या मोळ्या कमी होणं, हे विसरू नका. काम थांबवून कुणालाही मुलाखतीला बसवायचं नाही. फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि पहाटेचे, अंघोळीचे तर विचारूनही नाहीत. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं. मी एकीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे मी आसं न्हाई म्हणलं." बरोबर होतं तिचं, मी माझ्या भाषेत फिरवलं होतं.

त्या तिसऱ्या दिवशी मी घडीच्या न्हाणीसारखाच एक विचार बायकांपुढे काढला होता, म्हणून आजचं चित्र पाहून मला त्या आठवल्या. मी म्हटलं, कापडाचा आडोसा असला तर? आधी हसल्या. "आन् त्यो वाहायचा कुणी?" कोयता, पाण्याचा कळशा, भाकरीचं फडकं, लेकरू, आणि वर नळ्या. मग एक म्हणाली, आपण बैलगाडीला पोत्यांचा पडदा बांधतो की. गाडी सेंटरवरच्या बायका तसं करतात, खताची रिकामी पोती शिवून गाडीच्या साट्याला अडकवायची आणि चाकाआड बसायचं. नळ्या नकोत, काही नकोत, दोन आकडे आणि कापड. मी खूश झाले. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, गाडी भरून कारखान्यावर गेली की? नंबर लागेपर्यंत गाडी तिकडे आठ-आठ तास उभी असते. तोवर पडदाही तिकडेच. मग सगळ्या पुन्हा हसल्या. त्या दिवशी त्याचं उत्तर निघालं नाही. दोन उभे ऊस शेवटपर्यंत राखायचे आणि त्यांना कापड बांधायचं, असं एकीनं सुचवलं, त्यावर मालक काय म्हणेल यावर वाद झाला आणि तेवढ्यात ट्रक आला.

ही अर्धवट राहिलेली चर्चा माझ्या मते त्या चित्रापेक्षा पुढे गेलेली आहे.

एक शंका तुमच्यातल्या काही जणी नक्की काढतील, आणि ती मला मान्य आहे. आडोसा, पॅड, कोयत्याची मूठ यांत आपण अडकलो तर मुकादम आणि कारखाना मोकळेच सुटतात. बाईला पाळीच्या दिवशी खाडा पडतो, हे कुठल्याही कापडानं सुटणार नाही. उचल तिच्या नावावर नाही, हे कुठल्याही मुठीनं सुटणार नाही. तिथे भांडावंच लागेल. बाईपाशी जाऊन बसण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो, की कुठलं काम शिंप्याचं आणि कुठलं मोर्चाचं हे निवडता येतं. फडावर पाण्याची आणि संडासाची सोय करणं हे कामाला लावणाऱ्याचं काम आहे. आपण दोनशे न्हाण्या वाटल्या की उद्या तोच म्हणेल, त्यांची सोय संस्थेनं केलीय. याचा विचार मतदानाआधी करा. आपण काही करूच नये असं मात्र मी म्हणत नाही. या हंगामात ज्या बाईला पाणी प्यायची भीती वाटते तिला मोर्चा यशस्वी होईपर्यंत थांब, असं मी सांगू शकत नाही.

तर माझी सूचना अशी आहे. दोनशे नाही, दोन न्हाण्या करायच्या. एक त्या मुलांच्या चित्रासारखी, एक बायका सांगतील तशी, इथल्याच शिवणवर्गात शिवलेली. धर्मापुरीतून आणि आजूबाजूच्या गावांतून ज्या टोळ्या निघतील त्यांतल्या दोन टोळ्यांबरोबर त्या द्यायच्या आणि बरोबर आपण जायचं. त्या मुलांपैकी ज्यांना जमेल त्यांनीही यावं, मी त्यांना तसं कळवलंय. दोन मुली तयार आहेत. महिन्याभरानं न्हाणी कशाला वापरली जातेय ते पाहायचं. कुणी त्यात कडबा ठेवला असेल तर यादीत 'गैरवापर' असं लिहायचं नाही.

जोड्या आत्ताच करू. प्रत्येक जोडीत स्वतः ऊस तोडलेली एक जण असलीच पाहिजे, आणि बोलणं तिनं सुरू करायचं, दुसरीनं ऐकायचं. सकाळी ज्यांनी मला प्रश्न विचारला त्या आजींनी तेवीस हंगाम केलेत. त्या येणार असतील तर माझं नाव त्यांच्याबरोबर लिहा. नावं लिहायची वही तिकडे भाकरीच्या दुरडीपाशी ठेवली आहे.